दुखण्याचा आकडा

"अंगावर धातूचं काहीच नको, मावशी. सगळं काढा," मशीन चालवणारी धम्मप्रिया म्हणाली.

उमाबाईंनी कानातलं काढलं, मंगळसूत्र काढलं आणि जोडव्यांसाठी खाली वाकल्या.

"पायातलं राहू द्या. मशीन डोक्याला लावायची हाय."

"मग बरं. मला वाटलं, दवाखाना हाय का दरोडा."

सून सृष्टी पर्स उघडून उभी होती. एकेक वस्तू आत जात होती. शेवटी राहिली गळ्यातली लिंगाची चांदीची डबी.

"हीपण."

उमाबाईंनी डबीवर हात ठेवला. "आम्हा लिंगायतांचं लिंग जन्मल्यापसून गळ्यात असतंय, बाई. मेल्यावर ते तळहातावर घेऊनच मातीत बसायचं. डबी तेवढी मागं ऱ्हाती, घरच्यांला."

"लिंग तर दगडाचंच ना? ते घ्या की मुठीत. डबी तेवढी सूनबाईंकडं द्या."

हा तोडगा उमाबाईंना पटला. लिंग कापडात गुंडाळून उजव्या मुठीत आलं, डबी पर्सच्या आतल्या कप्प्यात गेली.

मागच्या वर्षी कपाळावर डाव्या बाजूला नागीण उठली होती. फोड वाळले, आग राहिली. पंख्याचा वारा लागला तरी जीव जायचा. पदर डोक्यावरून घेता येत नव्हता, कुंकवाचं बोट टेकवता येत नव्हतं. गोळ्यांनी झोप यायची, आग तशीच. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, चुंबकाची मशीन आहे, बाहेरूनच मेंदूला टिचक्या मारते. पंधरा बैठका, मधे खंड नको. गुण येईलच असं नाही.

धम्मप्रियानं डोक्यावर जागा शोधत एक टिचकी दिली. उमाबाईंच्या डाव्या हाताचा अंगठा आपोआप उडाला.

"अगं, ह्याला कुणी सांगितलं उडायला?"

"जागा सापडली म्हणायची. आता सांगा, दहापैकी किती दुखतंय?"

"धाच्या वर हाय का काही?"

"न्हाई."

"मग धा लिही."

उमाबाई आणि सृष्टी लातुरातच, भाची पुनमच्या घरी उतरल्या होत्या. रोज दुपारी उदगीरहून नवऱ्याचा, गुरुबसप्पांचा फोन यायचा. भांड्यांचं दुकान टाकून त्यांना येता येत नव्हतं.

"किती झाल्या?"

"चार. अजून आग हायच."

"पुऱ्या कर. आणि कुंकू लावल्याबिगर येऊ नको. चाळीस वर्षं बघितलेलं कपाळ, आता ओळखू येईना झालंय."

"मग आदल्या दिवशी चष्मा पुसून ठेवा," उमाबाई म्हणायच्या आणि फोन ठेवल्यावर थोडा वेळ तसाच हातात धरून बसायच्या. त्यांना दुसरं काही नको होतं. दुकानाच्या पायरीवर कुंकू लावून उभं राहायचं होतं, बस्स.

पाचव्या दिवशी आकडा नऊ झाला, आठव्या दिवशी आठ.

नवव्या दिवशी पहाटेच सृष्टी उदगीरला गेली. लेकाला, शिवांशला ताप आलाय म्हणाली. दवाखान्यात पुनम आली सोबत. दुपारी उमाबाईंनी फोन लावला, तर गुरुबसप्पांचा बंद. मुलाला लावला.

"दुकानात गर्दी हाय, आई. बाबांचं चार्जिंग संपलंय," उमाशंकर म्हणाला आणि घाईनं ठेवून दिला.

दहाव्या दिवशी सकाळच्या गाडीनं सृष्टी थेट दवाखान्यात आली. डोळे सुजलेले.

"उतरला का पोराचा ताप?"

"उतरला, आत्याबाई."

"रातभर जागलीस जणू."

"हाव."

"तोंड धुऊन ये जा. पर्स ठेव इथं, माझं मी ठेवते."

सृष्टी परत आली तेव्हा उमाबाई खुर्चीत बसल्या होत्या. पर्सची चेन लावलेली होती. मशीन वीस मिनिटं टकटकत राहिली.

"आज किती, मावशी?"

उमाबाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. धम्मप्रियाला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

"शून्य."

"आठावरून एकदम शून्य?"

"काहीच कळंना झालंय."

धम्मप्रिया पळतच डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी कपाळावरून कापसाचा बोळा फिरवला. उमाबाईंची पापणीही हलली नाही. डॉक्टर म्हणाले, एखाद्याला येतो असा अचानक गुण.

दुपारी सृष्टी सासऱ्यांचा विषय काढत चाचरत म्हणाली, "मामांचा फोन..."

"राहू दे. बोलून बोलून परत आग उठायची. पुऱ्या होऊ देत बैठका."

सृष्टीनं सोडलेला श्वास त्यांना ऐकू आला. पुढचे पाच दिवस आकडा शून्यच राहिला. पुढ्यात येईल ते उमाबाई खायच्या. एकदा आमटीत मीठच नव्हतं, ते पुनमनं सांगितलं तेव्हा कळलं. शिवांशच्या तापाचं त्यांनी परत विचारलं नाही.

पंधराव्या दिवशी धम्मप्रियानं स्वतःच कुंकवाची पुडी आणली होती. "आज लावायचंच, मावशी!"

सृष्टीनं मान खाली घातली.

"आधी इभूत लाव गं. सोसतंय का बघू," उमाबाई तिला म्हणाल्या.

सृष्टीनं भस्माची तीन बोटं कपाळावरून ओढली. कपाळ जराही आकसलं नाही.

"दुखलं?"

"न्हाई."

"मग आता कुंकू!" धम्मप्रिया पुढं सरकली.

उमाबाईंनी पुडी तिच्याच हातात मिटवली. "तुझ्यापशी ठेव. मागनं कुणी येईल, तिला लाव."

सृष्टी लगबगीनं सामान परत देऊ लागली. उदगीरची गाडी गाठायची होती. कानातलं दिलं. मंगळसूत्र दिलं, ते उमाबाईंनी गळ्यात न घालता पदराच्या टोकाला बांधलं. शेवटी तिनं पर्समध्ये न बघताच हात घालून डबी काढली आणि सासूच्या तळहातावर ठेवली.

उमाबाई मुठीतलं लिंग डबीत ठेवायला गेल्या आणि थांबल्या. डबीच्या कडेला पोचा होता. त्यांनी त्यावरून हळूच अंगठा फिरवला, डबी सृष्टीच्या हातात परत दिली आणि तिची बोटं वरून मिटवली.

"ही तुझ्या मामांची. तू गावाहून आलीस त्या दिवशी पर्समधी होती तशीच परत ठेवलती मी."