पालथा दगड

शेंदराचा शेवटचा थर निघाला आणि आत निघाला कोरा दगड. एक रेघसुद्धा नाही.

देवाजी गुरुजींचं तोंड उतरलं. या भागात अक्षरं कोरलेला दगड असल्याची एक ओळ त्यांनी जुन्या सरकारी पुस्तकात वाचली होती. निवृत्तीनंतरची पंधरा वर्षं त्यांनी त्या ओळीपायी घालवली. नरखेड तालुक्यातलं एक देऊळ सोडलं नाही. घरोघरी एकच प्रश्न, "तुमच्याकडे देवाचा जुना दगड हाये काय?" गुरुजींच्या डोक्यातच दगड शिरला, असं लोक म्हणायचे. तरी आज गावानं नारळ फोडला, देवाची माफी मागितली आणि पिंपळाखालच्या देवावरचा शेंदूर खरवडू दिला.

नागपूरहून आलेल्या पुरातत्त्व खात्याच्या भूमिका मॅडमनी घड्याळ पाहिलं. "चारची एसटी गाठते, सर. गावात खात्याचा फलक लावायची फाइल मात्र बंद करावी लागेल."

गुरुजी मॅडमना एसटीपर्यंत पोचवायला निघाले. त्यांना फार वाईट वाटत होतं.

वाटेत रंभाबाईंची संत्र्याची बाग लागली. त्या विहिरीवर धुणं आपटत होत्या. शेंदरानं माखलेले हात धुवायला दोघं थांबले. हात धुता धुता मॅडम खाली वाकल्या. धुण्याच्या दगडाच्या कडा छिन्नीनं घडवलेल्या होत्या.

"हा कुठला?"

"विहिरीचा गाळ काढला तवा निघाला. वीस वर्सं झाली. पालथा घालाले चार माणसं लागले."

"पालथा?"

"वरून अक्षरं होते ना."

मॅडमनी कडेखाली बोटं सारली. "सर! कोरलेलं लागतंय!"

गुरुजींनी ओल्या जमिनीवर बसून स्वतःची बोटं कडेखाली घातली. हसावं की रडावं, त्यांना कळेना.

"रंभा, तुह्या दारात किती खेपा आलो मी! काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही देवाचा दगड विचारत होते, गुरुजी. हा तं धुण्याचा."

"अन् पालथा काहून घातला, बाई?"

रंभाबाईंनी पदराला हात पुसले. त्यांची शाळा दुसरीतच सुटली होती.

"तुम्हीच तं शिकवलं होतं, गुरुजी. अक्षराले पाय लागू देऊ नये म्हणून."