कुजबुजता लिलाव

आजोबांची कुजबुज लिफ्टपर्यंत ऐकू गेली, तेव्हा सिस्टर धावतच आल्या.

"आजोबा, इथे आवाज नको, उजेड नको, हलवाहलव नको."

"मग मीच नको म्हणा की," आजोबा म्हणाले. जन्मभर लिलाव पुकारलेल्या माणसाचा तो हळू आवाज होता.

त्यांच्या कुशीतला नातू थंडी नसताना कुडकुडत होता. आजोबांच्या पोरीला नशेच्या गोळ्यांचं व्यसन. ते बाळाला पोटातच लागलं. नाळ कापली आणि पुरवठा बंद. आता तो किंचाळायचा, शिंकायचा, जांभया द्यायचा. झोप तेवढी सोडून सगळं करायचा. कुशीत झोपला तर ठीक, नाहीतर औषध सुरू करा, असं डॉक्टर सांगून गेले होते. सिस्टरांचा ट्रे तयारच होता.

पोरगी भिंतीकडे तोंड करून बसली होती. "माझा हात लागला की जास्त रडतो," म्हणाली. आणि हात मांडीखाली दडवले.

आजोबांना अंगाई येत नव्हती. त्यांना एकच गोष्ट येत होती.

"शिसवी टेबल," ते नातवाच्या कानाशी म्हणाले. "पाय तीन. चौथा मालकाकडे आहे, मागितला तर देईल. बोला."

त्यांना गप्प करायला सिस्टरांनी हात वर केला.

"सिस्टर, शंभर," आजोबा सवयीने म्हणाले.

सिस्टरांनी दुसराही हात वर केला.

"पुन्हा सिस्टरच. दोनशे. स्वतःच्याच बोलीवर चढताहेत, हौस दांडगी. दोनशे एक वार, दोनशे दोन वार…"

किंचाळणं थांबलं. बाळाचे डोळे मिटले. सिस्टरांचे हात वरच राहिले.

आजोबांनी पोरीकडे पाहिलं. "पुढचा नग. आवाज खणखणीत, आजोळचा. थोडा थरथरतो, पण बसेल. परत घेतला जाणार नाही. एक वार."

कोणी हललं नाही.

"दोन वार."

दोन वार म्हटल्यावर ते जन्मात एवढे थांबले नव्हते.

पोरीने मांडीखालून एक हात काढला आणि वर केला. तोही थरथरत होता.

"तीन वार," आजोबा म्हणाले, आणि बाळ तिच्या छातीशी ठेवलं. बाळ शिंकलं. सिस्टरांचा एक हात ट्रेकडे गेला. बाळाने तोंड तिच्या गळ्याशी खुपसलं आणि झोप पुढे चालू ठेवली.

"आज तरी औषध नको," सिस्टर पुटपुटल्या. ट्रे उचलून गेल्या.

पोरीचा एक हात बाळाभोवती होता, दुसरा अजून वरच.

"घे खाली," आजोबा म्हणाले, या वेळी खरंच हळू. "दुसरं कोणी बोली लावत नाहीये."