कलम सातवं

श्रीरंगने कागद मेन्साच्या, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीतल्या टेबलावर असा आपटला, की प्राचीच्या वाटीतलं सूप ट्रेमध्ये सांडलं.

"वाच! सातवं कलम वाच," तो म्हणाला, "आणि मग सांग, माणसाचं डोकं फिरेल की नाही!"

त्याचं डोकं सकाळी नऊपासूनच फिरलेलं होतं. ब्राउनश्वाइगच्या विद्यापीठात तो इतिहासात पीएचडी करत होता. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका जुन्या जर्मन वसाहतीची दप्तरं तीन वर्षं उपसत होता. प्राची फार्मसीवाली. दप्तरात जुन्या औषधाचं नाव अडलं, की तो तिच्याकडे धावायचा. शुक्रवारी त्या वसाहतीवरचं प्रदर्शन उघडणार होतं, आणि त्याचा सगळ्यात मोलाचा फलक प्रोफेसरबाईंनी आज काढून टाकला होता.

फलकावर होती १८९३ सालची नियमावली. वसाहतीतले डॉक्टर आणि वसाहतीतली गुरं, दोघांचा बंदोबस्त एकाच कागदावर. बाहेरून आणलेलं जनावर दहा दिवस वेशीबाहेर बांधावं. डॉक्टरने परवान्याशिवाय कोणाला औषध देऊ नये. आणि सातवं कलम असं, की स्थानिक माणूस वैद्यकी शिकलेला असला, तरी त्याने गोऱ्यांच्या गुरांवर खुशाल उपचार करावेत, गोऱ्यांना मात्र हात लावू नये.

"तिथे एक सॅम्युएल होता," श्रीरंग म्हणाला. "मिशनच्या इस्पितळात पाच वर्षं शिकलेला. एका गोऱ्या मुलीचा मोडलेला हात त्याने बांधला. हात छान जुळला. बक्षीस काय? पंचवीस फटके! आणि चौथ्या दिवशी त्याच मुलीच्या बापाने त्याला बोलावणं धाडलं. कशाला? बैल बघायला!"

"गेला तो?"

"गेला. पाठ सोलवटलेली, तरी गेला."

"जनावराचा काय दोष, म्हणाला असेल," प्राची म्हणाली आणि कागद पुन्हा वाचू लागली.

"आणि आमच्या बाई काय म्हणतात? 'मिस्टर पटवर्धन, त्या काळाच्या चौकटीत पाहा. उद्घाटनाला लोक येतील, त्यांना अवघडल्यासारखं होईल.' अगं, होऊ दे की अवघडल्यासारखं!"

खरंच होतं त्याचं. पाहुण्यांच्या घशाखाली वाईन नीट उतरावी म्हणून सॅम्युएलची पाठ झाकायची, हा कुठला न्याय? फलक दोन वाजता छपाईला जायचे होते. त्याआधी डीनच्या हातात निषेधाचं पत्र पडायला हवं होतं. पण एकट्याच्या सहीचं पत्र केराच्या टोपलीत जातं. विभागात त्याने सगळ्यांना विचारलं. एकाची बस निघाली होती, दुसऱ्याचं कंत्राट संपत आलं होतं, तिसरीने नुसतंच "या, या", म्हणजे जर्मनमधलं "हो, हो", म्हणत मान हलवली होती. सगळे एका माळेचे मणी!

"तू सही करशील ना?" त्याने लिहून आणलेलं पत्र तिच्यापुढे धरलं.

"वाचू दे."

प्राची वाचत राहिली. श्रीरंगला गप्प बसवेना.

"आपल्याकडे असला कोडगेपणा नव्हता हं. आमच्या निंबारीचंच घे. आजोबा जुन्या वळणाचे, सोवळंओवळं पाळणारे. पण गावात गुरांचे डॉक्टर होते, रामदास डॉक्टर. तुमच्यातलेच, बौद्ध. आमची गाय अडली, तर आजोबा स्वतः त्यांना बोलवायला गेले. वासरू जिवंत निघालं. आजोबांनी गोठ्यात नवं कोरं पोतं अंथरून त्यांना बसवलं. सगळ्यांदेखत 'डॉक्टर' म्हणून हाक मारली. गेनाऊ, अगदी बरोबर, माणुसकी म्हणतात ती ही!"

प्राचीने कागदावरून मान वर केली.

"आणि आजोबांना स्वतःला बरं नसलं, तर?"

"तर काय, एसटीने तालुक्याला. दीड तास. गावात माणसांचा डॉक्टरच नव्हता ना!" श्रीरंगचा आवाज एकदम चिरकला. "त्यातच गेले ते. छातीत कळ आली, कसंबसं एसटीत चढवलं. अर्ध्या वाटेवर माझ्या आईच्या मांडीवर गेले. मी सहा वर्षांचा होतो. मग आम्ही गाव सोडून पुण्यालाच आलो. सरकारला काय पडलंय खेड्याचं? गुरांना डॉक्टर देतं आणि माणसांना मरू देतं!"

हा राग दप्तरातला नव्हता. पंचवीस वर्षं मुरलेला होता. त्याने चष्मा काढून पुसला आणि उगाच पुन्हा पुसला.

प्राचीने पेन घेतलं. एरवी ती 'पी. भालेराव' एवढंच खरडून मोकळी व्हायची. आज तिने पासपोर्टावर आहे तसं, वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव लिहिलं आणि पत्र त्याच्यासमोर सरकवलं.

"वाचवलंस, देवासारखी भेटलीस," म्हणत श्रीरंगने ते उचललं. प्राची रामदास भालेराव. तो मधल्या नावाशी थबकला.

"तुझे बाबा..."

"निंबारी त्यांची पहिली नेमणूक. सरकारी दवाखाना होता वेशीपाशी. दोन वर्षं रोज सकाळी उघडून बसायचे. गाईला त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा हात लावला होता, अजून सांगतात." प्राचीने आवाज न चढवता पेनाला टोपण लावलं. "ते गुरांचे डॉक्टर नव्हते, श्रीरंग. एमबीबीएस होते."