टाकीला टेकलेला गाल

ओट्यावरून स्टीलचं झाकण फरशीवर पडलं आणि दुपारच्या शांततेत खणखणत राहिलं. धम्मप्रियानं मान वळवली नाही. केस ओले होते म्हणून तिची कानातली यंत्रं अजून डबीतच होती, आणि यंत्रांशिवाय माझ्या लेकीला काहीच ऐकू येत नाही.

जुळे सोलापुरातल्या या फ्लॅटमध्ये मी लोकांच्या जुन्या रेकॉर्डी धुऊन देते. मशीनच्या छोट्या टाकीतल्या पाण्यात तबकडी सावकाश फिरते, माणसाच्या कानाला न कळणारा आवाज पाण्यातून जातो आणि खाचांतली धूळ सुटते.

"रेकॉर्ड धुतीस का बाळाला न्हाऊ घालतीस?" माझा नवरा दिपक चपला घालताना हसला आणि कामावर गेला.

मीही हसत वळले. धम्मप्रिया टाकीला गाल टेकवून बसली होती. कुणी गोष्ट सांगत असावं तशी मान डोलवत होती. मध्येच म्हणाली, "व्हय."

"प्रिया," मी मागून हाक मारली. काही नाही. टाळी वाजवली, तरी नाही. ती पुन्हा टाकीकडे बघून हसली. मशीनची थरथर गालाला जाणवत असेल, असं मला वाटलं.

मी मशीन बंद केलं, प्लगही काढला. तबकडी थांबली, पाणी निवळलं. तिची मान डोलतच होती.

मी तिला ओढून मांडीवर घेतलं. तिनं माझ्या ओठांकडे पाहिलं, मग टाकीकडे.

"आई, ती आतली बाई किती वेळची तुला हाका मारतीय की. तू ओ का देत नाहीस?"