मोकळ्या माळावर

बदलापूर गावामागच्या माळावर बाळाचं ग्लायडर उतरता उतरता एकाएकी वळलं नि बांधावर आपटलं. पाय मोडला, जीव वाचला.

"माळ मोकळा होता. का वळवलंस?" चौकशीच्या साहेबांनी विचारलं. चूक बाळाची ठरली, तर त्याचं उडणं कायमचं बंद होणार होतं.

"खाली कीर्तन चाललं होतं, साहेब. माणसं बसली होती."

"मग काय, प्रसादाला वळलास?"

बाळाची आई पुतळाबाई हसली नाही. माळावरचं कीर्तन बुवांबरोबरच संपलं होतं. ऐकणारेही एकेक करून देवाघरी गेले होते. लेकासाठी ती माळावर जाऊन आली.

गवत ओळींनी दबलेलं होतं. एकीकडे पुरुष, दुसरीकडे बाया, मध्ये बुवांची वाट. तिने हात टेकला. जमीन उबदार लागली.

बायांच्या पहिल्या ओळीत एकाच जागी गवत उभं होतं. तिथे पुतळाबाई बसायची.