आत्याचा रंग

पाच वर्षांच्या समिधाच्या शरीरातला पारा ‘नातेवाईक स्त्रीने केलेल्या गावठी उपचारांतून आला असावा’, असं प्राथमिक अहवालाचं म्हणणं होतं. ‘असावा’ म्हणणाऱ्याला पुरावा लागत नाही. एखादी नातेवाईक स्त्री मिळाली की भागतं. ती मिळाली होती. उमरोळीची नर्मदा, वय त्रेपन्न, शिक्षण चौथी, व्यवसाय भाजीपाला. समिधाची आत्या.

गावठी उपचार म्हणजे खोबरेल तेल. नीलेश दर रविवारी लेकीला बोईसरहून वाडीवर आणून सोडी. आत्या तिचं अंग चोळी आणि विहिरीवर आंघोळ घाली. तीस वर्षांपूर्वी याच हातांनी, याच तेलाने तिने नीलेशलाही चोळलं होतं. आईवेगळ्या धाकट्या भावाला तिने दुधी-वांगी विकून वाढवलं, रसायनशास्त्राचा पदवीधर केलं. त्याच्या अंगात पारा शिरल्याची नोंद नव्हती. शिवाय यंदाच्या उन्हाळ्यात नाचाच्या क्लाससाठी समिधाला बोईसरलाच ठेवून घेतलं होतं. दीड महिना तिच्यावर आत्याची सावलीही पडली नाही. नेमक्या त्याच दीड महिन्यात पोरीचे डोळे सुजले, पाय सुजले, लघवीतून प्रथिनं गळू लागली. अहवालात सगळ्या तारखा होत्या. त्या शेजारी-शेजारी ठेवून वाचण्याचे कष्ट तेवढे कुणी घेतले नव्हते.

नर्मदेचा खरा गुन्हा जुना होता. बारशाला तिने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, तेव्हा नीलेशची सासू साऱ्या बायकांत म्हणाली होती, “नाव आत्याने द्यायचं असतं, अहो, रंग नव्हे!” बायका हसल्या. नर्मदाही हसली. पोर हुबेहूब तिच्यावर गेली होती.

आता पालघरच्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात नीलेश तिच्यापुढे उकिडवा बसला होता. तिच्या मांडीवर जबाबाचा कागद होता.

“ताई, सही करून टाक. तुला कोण काय करणार आहे? माझी नोकरी जाईल.”

“आन् पोर?”

“चौकशी संपेपर्यंत भेटू देणार नाहीत. नंतर बघू.”

“नंतर म्हंजे कदी? ती रोज इचारते, आत्या कुटं हाय.”

नीलेशने पेनाचं टोपण काढून पेन तिच्या हातात दिलं.

नर्मदेने आपले तळवे उलटसुलट पाहिले. अडाणी माणसाची एक मोठी सोय असते: आरोप छापील असला की त्याला स्वतःच्या हातांचाही संशय येतो. तेलाची बाटली तिने या आठवड्यात किती वेळा हुंगली होती! ‘माज्यानंच काय झालं आसंल तर?’ तिने पेन कागदाला टेकवलं.

“थांबा, मावशी.” बाल संरक्षण अधिकारी किंजल मॅडम हातात नवे कागद घेऊन आल्या होत्या. “तुमच्या तेलात काही नाही. खोबरं आहे नुसतं.”

त्यांनी दोघांना आतल्या खोलीत बोलावलं. नीलेशची बायको अपेक्षा तिथे आधीच बसली होती. सातवा महिना, हात पोटावर. टेबलावर एक गोरं होण्याच्या क्रीमची डबी होती. आदल्या दिवशी बोईसरच्या फ्लॅटमध्ये आरशामागे सापडलेली.

“पारा यात आहे. मुलीला कधीपासून लावता?”

“वर्ष झालं,” अपेक्षा पुटपुटली. “रात्री, झोपताना. सगळेच लावतात, मॅडम. आम्हाला काय माहीत आत काय असतं? वर तर केशर लिहिलंय.”

“तुम्ही कंपनीत कुठल्या खात्यात, नीलेश?”

“क्वालिटी कंट्रोल.”

खोलीत कुणी हसलं नाही.

“मॅडम,” नर्मदा मध्येच म्हणाली, “पोरगा चुकला आसंल. माज्या नावावर लिवा. मी करते सही. फकस्त पोरीला येकदा बगू द्या.”

“मावशी, तुम्ही बसा.” किंजल मॅडमनी दुसरा कागद पुढे ओढला. “एक कोडं सुटत नाही. मुलीची मूत्रपिंडं निकामी व्हायला आली, इतका पारा. आणि जी आई हाताने रोज ही क्रीम लावते, तिच्या तपासणीत पाऱ्याचा मागमूस नाही. हे कसं?”

अपेक्षाने नवऱ्याकडे पाहिलं. नीलेशने डबीकडे.

“ठीक आहे. ‘पालकांचा अक्षम्य निष्काळजीपणा’ असं लिहिते.”

त्या शब्दासरशी नीलेशचा चेहरा लाल झाला. लेकीचा आजार, बहिणीच्या हातातलं पेन, दारापुढे आलेली चौकशी हे सारं त्याने खाली मानेने सोसलं होतं. पण ज्याच्या सहीशिवाय कारखान्यातून एक पिंप बाहेर पडत नाही, त्याने हा शब्द कसा ऐकून घ्यावा? तो ताठ बसला आणि जबाब नोंदवून घ्या म्हणाला. किंजल मॅडमनी तो शब्दशः नोंदवला:

“निष्काळजी म्हणू नका, मॅडम, हिला दिवस गेले तेव्हा मी स्वतः ती डबी लॅबमध्ये नेऊन तपासली, पारा निघाला, आणि पोटातल्या बाळाला बाधू नये म्हणून त्याच रात्रीपासून समिधाला क्रीम लावताना हिला हातमोजे घालायला लावले.”