पोचेचा अंगठा

"आई, हा अंगठा तुमचा आहे?"

सुनेने फोन सासूबाईंच्या नाकासमोर धरला. आवाज दबका, कारण घरातच चालवलेल्या पाळणाघरातली पोरं आत्ता कुठे झोपली होती. पण दबक्या आवाजालाही धार होती.

इमारतीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज होता. ‘वरच्या रिकाम्या घरासाठी एक काळं कुटुंब विचारतंय. माझं स्पष्ट मत, त्या वंशाची माणसं इथे नकोत. एक आलं की दहा येतात. सगळ्यांनी मत कळवा.’ खाली अंगठ्यांची रांग. त्यात सासूबाईंचाही.

इमारतीत त्या वंशाचं एकच माणूस होतं. ते म्हणजे ही सूनच; आत्ता जमिनीवर मांडी घालून दुसऱ्या हाताने सेक्रेटरींच्याच नातीला थोपटत होती.

"अगं, मी वाचलंच नाही गं!" सासूबाईंचा चेहरा उतरला. सगळी नोकरी बस डेपोत गेलेली; आलेल्या निरोपाला पोच द्यायची, एवढंच हाताला ठाऊक. पाणी बंद, अंगठा. लिफ्ट बंद, अंगठा. कुणाचे सासरे गेले, तरी अंगठा. "थांब, आता बघच. बिनपाण्यानेच करते त्याची."

"नको. संध्याकाळी सगळे आईबाप दारात येतील. उद्यापासून पोरं पाठवली नाहीत तर आपण दोघी एकमेकींना थोपटत बसू."

सासूबाई हसल्या नाहीत. "मग बोलायचं कधी?"

"तेच तर. मागच्या वेळी सोडून दिलं. त्याआधी लिहिलं, तर म्हणाले, बाई फार मनाला लावून घेते. गिळायचं की बोलायचं, दर वेळी मीच ठरवत बसायचं."

सासूबाईंची बोटं तोवर चालू झाली होती. लिहून झाल्यावर त्यांनी फोन पुढे केला. ‘आमची सून तशी नाही. फार गुणाची आहे.’

सुनेचा थोपटणारा हात थांबला.

"तशी म्हणजे कशी, आई?"

सासूबाई एकेक अक्षर खोडत पार मागे गेल्या. "तूच सांग, काय लिहू."

"ते मी नाही सांगणार."

बऱ्याच वेळाने त्यांनी लिहिलं, ‘मी न वाचता अंगठा दिला. चुकलं. काढून टाकलाय. त्या कुटुंबाला घर द्यावं, हे माझं मत.’

"पाठवू?"

सुनेने झोपलेल्या पोरांवरून एकदा नजर फिरवली. "पाठवा."

‘सेक्रेटरी टाइप करत आहेत’ असं उमटलं. गेलं. पुन्हा उमटलं. पुन्हा गेलं. मग दाराची बेल वाजली.

सुनेनेच दार उघडलं. सेक्रेटरी, हातात फोन. "नातीला न्यायला आलोय. आत्ताच्या आत्ता."

सासूबाई उसळून उठल्या. सुनेने त्यांना हातानेच बसवलं.

"ती झोपलीय, काका. झोपलेलं मूल आम्ही उठवत नाही. बसा." तिने पोरांची छोटी लाल खुर्ची सरकवली.

सेक्रेटरी बसले. गुडघे पार हनुवटीपाशी आले. "हे बघ," ते मोठ्याने म्हणाले, "माझं म्हणणं एवढंच होतं की—"

एका गादीवर चुळबुळ झाली. सुनेने ओठांवर बोट ठेवलं आणि ती त्यांच्या समोरच जमिनीवर बसली.

"बोला," ती म्हणाली. "पण हळू. आणि माझ्याकडे बघून."